‘हाय’ म्हणजे हाय नव्हे

आमच्या कारखान्यातून जपानी शिकायला जपानला गेलेला पहिला माणूस म्हणजे बुद्धभूषण कुरणे. १९९८ च्या ऑक्टोबरात तो गेला. कोर्स सहा महिन्यांचा होता आणि डिसेंबरात त्याने तो अर्ध्यावर टाकून परत यायचं ठरवलं. का ठरवलं आणि पुढे काय झालं, हे आमच्याकडे बरेच जण सांगतात, पण प्रत्येक जण त्याला आपल्या परीने तिखटमीठ लावतो. मी कारखान्यात हिशेब खात्यात आहे. कोल्हापूरकडच्या बाजूचं मी स्वतः ऐकलं आहे, जपानकडचं भूषणने सांगितलं आहे. तेवढंच लिहितो.

भूषण उचगावचा. वडील तो लहान असतानाच गेले. आई आक्काताई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला, ऊसतोडीला जात. त्यांनी त्याला पॉलिटेक्निकपर्यंत शिकवलं आणि तो आमच्याकडे तपासणी खात्यात लागला. आम्ही पंपांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग ओततो. ओतलेला नग चांगला की वाईट हे ठरवणं त्याचं काम. त्याचा आवाज असा की, त्याने तपासणीच्या शेडमधून “रिजेक्ट!” म्हटलं की भट्टीचा पंखा चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये साचे करणारे मोल्डर कपाळाला हात लावत.

हा आवाज त्याला आईने लावला होता. आक्काताई माहेरच्या गावी चौथीपर्यंत शाळेत गेल्या. त्यांच्या वस्तीतली पोरं दाराजवळ बसत. मास्तर म्हणत, कुणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा. ही पोरं हात वर करत आणि मास्तरांची नजर त्या हातांवरून पलीकडे जाई. पुढे त्यांनी हात वर करणं सोडलं, मग शाळाही सुटली. भूषण पहिलीत गेला त्या दिवशी त्यांनी त्याला बजावलं होतं, “हात वर करून बसू नगंस. हात दिसत न्हाईत त्यास्नी. तोंडानं बोल, आन् मोठ्यांदा बोल.” पोरगं तसंच वाढलं. वर्गात, बैठकीत, कुठेच त्याने कधी हात वर केला नाही. सरळ बोलायचा.

आमचे मालक सयाजीराव. जपानच्या एका कंपनीशी त्यांचा व्यवहार सुरू झाला आणि तिकडून एक मोठं मशीन आलं. मशीनबरोबर दोन पाहुणे आले, त्यांच्यासाठी पुण्याहून दुभाषा आला. पाहुणे गेले, दुभाषाही गेला आणि पंधरा दिवसांत मशीन रुसलं. सयाजीराव भडकले. “दुभाष्या ऱ्हातोय पुण्यात, मशीन ऱ्हातंय हितं. आता मशीनला काय मी समजावून सांगू? आपलं माणूस तयार करा.” जपानी कंपनीनेही एका भाषाशाळेत जागा मिळवून द्यायची तयारी दाखवली. पाहुणे असताना भूषणने नुसत्या हातवाऱ्यांवर त्यांच्याशी एका नगाबद्दल तासभर वाद घातला होता, हे सयाजीरावांच्या लक्षात होतं. ते म्हणाले, “ज्याचा आवाज समुद्राच्या पल्याड जाईल त्यालाच धाडू.”

आक्काताईंनी विचारलं, “किती लांब हाय?”

“इमानानं एक दिस लागतोय, आये.”

“माझ्या माहेराला बैलगाडीनं जायला बी एक दिसच लागायचा. जा.”

जाण्याआधी सयाजीरावांनी पुण्याहून जपानीचं एक पुस्तक मागवून दिलं. भूषण जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये घेऊन बसे. लेथवरचा आकाराम त्याच्या समोर असे. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे.

“काय म्हंतंय पुस्तक?” आकारामने विचारलं.

“हो म्हणायचं तर ‘हाय’. नाही म्हणायचं तर ‘नाय’. आन् प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटाला ‘का’ लावायचा.”

आकारामने हातातली भजी ताटलीत ठेवली. “आरं, मग ह्ये तर आमचंच की! हाय का? हाय. न्हाय का? न्हाय. झालं तुझं जपानी. त्यापाय लांब कशाला जातोस? माझ्या म्हातारीकडं ये, फुकट शिकवंल.”

सगळं कँटीन हसलं. भूषणही हसला. पण ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पुस्तकात आणखी बरंच काही दिलं होतं, नाही असं नाही. पण ज्या शब्दावर आपण लहानाचे मोठे झालो तो शब्द परत कोण शिकतो?

शाळा नागोयाजवळच्या एका गावात होती. राहायची सोय एका म्हाताऱ्या बाईंकडे केली होती. त्यांचं आडनाव मोरी. भूषणने फोनवर ते सांगितलं तेव्हा आक्काताई म्हणाल्या, “आगं बया! आन् न्हाणीघराला काय म्हंत्यात मग?” मोरी म्हणजे जंगल, असं भूषणने समजावलं, पण आमच्याकडे त्या शेवटपर्यंत मोरी आजीच राहिल्या. त्यांच्या घरात लहानसं देव्हाऱ्यासारखं कपाट होतं, त्यात बुद्धाची मूर्ती. पहिल्या संध्याकाळी भूषणने तिच्यापुढे बसून त्रिशरण म्हटलं. आजींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्याही शेजारी येऊन हात जोडून बसल्या. घर चांगलं मिळालं, असं त्याला वाटलं.

मग जेवण आलं. वाटीभर भात, सूप, मासा, लोणच्याच्या दोन फोडी. वाटी रिकामी झाल्यावर आजींनी विचारलं, “मो इरानाय?”

शेवटचा ‘नाय’ त्याने बरोबर पकडला. आणखी पाहिजे की न्हाय, असं विचारत असणार. तो उत्साहाने म्हणाला, “हाय!”

आजींनी हसून मान लववली आणि वाटी उचलून नेली.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, भात संपला असेल. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं की ह्या देशात माणसं प्रेमळ आहेत, पण दुसऱ्यांदा वाढायची चाल नाही. शाळेतून येताना तो केळी आणि पाव घेऊन यायचा आणि खोलीत बसून खायचा.

पोटाचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. त्याला लागलं ते वर्गातलं.

वर्गात चिनी होते, कोरियन होते, दोघे ब्राझीलचे होते. शिकवायला किमुरा बाई. बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या. तास संपत आला की त्या फळ्याकडे वळून फळा पुसायला लागत आणि पुसता पुसता विचारत, “शित्सुमोन वा नाय देस का?”

शित्सुमोन म्हणजे प्रश्न, हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. प्रश्न न्हाय का, असं विचारतायत. शेवटच्या बाकावरून भूषण खणखणीत आवाजात म्हणायचा, “हाय!”

किमुरा बाईही “हाय” म्हणायच्या, हात झटकायच्या, पुस्तक मिटायच्या. सगळे उभे राहून वाकायचे आणि बाई दुसऱ्या वर्गावर निघून जायच्या. भूषण तोंडात प्रश्न घेऊन तसाच उभा.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी त्याने आवाज आणखी चढवला. पुढचे दोघे दचकून मागे वळले. बाईंनी मात्र फळा पुसला, “हाय” म्हणाल्या आणि गेल्या. एक कोरियन मुलगी कधी कधी हात वर करायची. तिच्यासाठी बाई थांबायच्या, पुन्हा खडू घ्यायच्या, समजावून सांगायच्या. हे भूषण रोज पाहत होता. तिचा हात दिसतो आणि माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणजे काय समजायचं? तास संपल्यावर बाईंच्या मागे जाऊन विचारता आलं असतं. पण ज्यांनी वर्गात ऐकलं नाही त्यांच्या मागे पळायचं, हे त्याला जमेना.

जपानीतली चित्रासारखी अक्षरं चिनी पोरांना घरचीच होती. भूषण त्यांत मागे पडत चालला. प्रश्न साठत गेले.

डिसेंबरच्या सुरुवातीला किमुरा बाईंनी त्याला व्हरांड्यात थांबवलं. त्याची चाचणी वाईट गेली होती. त्यांनी अगदी मायेने विचारलं, “कोमात्ता कोतो वा नाय?” कोमात्ता म्हणजे अडचण. चला, शेवटी कुणीतरी विचारलं! भूषण घाईने एक पाऊल पुढे आला. तो म्हणाला, “हाय!”

किमुरा बाईंचा चेहरा एकदम खुलला. त्या समाधानाने हसल्या, मान लववली आणि निघून गेल्या.

मला तो म्हणाला होता, “साहेब, वर्गात ऐकलं न्हाय त्ये सोसलं. पर मी अडचण हाय म्हणून सांगतोय आन् बाई हसती? तवाच ठरवलं, हितं ऱ्हायाचं न्हाय.”

त्याच दिवशी त्याने सयाजीरावांना फोन केला. “मालक, मी परत येतो.”

“का रं? काय झालं?”

“काय न्हाय. जिथं आपलं ऐकत न्हाईत तिथं बसायचं न्हाय.”

सयाजीरावांना काहीच उलगडेना. शाळेकडून तर कळत होतं की विद्यार्थी समाधानी आहे, त्याला कसलीही अडचण नाही. एप्रिलमध्ये पाहुणे पुन्हा येणार होते. भूषण अर्ध्यातून आला असता तर पुण्याचाच दुभाषा कायम झाला असता आणि भूषणला आमच्याकडून पुन्हा कुणी कुठे पाठवलं नसतं. हे सयाजीरावांनी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, चालंल. शेवटी सयाजीराव म्हणाले, “शनिवारी आक्काताईस्नी हितं बोलावतो. त्यांच्यासंगं बोल, मग काय ते ठरीव.”

शनिवारी आक्काताई आल्या. सयाजीरावांच्या टेबलावरच्या फोनला स्पीकर होता. मीही तिथेच बसलो होतो. फोन लागला तशा आक्काताई टेबलावर वाकून ओरडल्या, “भूषण! ऐकू येतंय का?”

“येतंय, आये. जरा हळू बोल. हितं घरभर जातोय आवाज.”

“जाऊ दे. मी काय चोरी केलीया? मालक म्हंत्यात, तू येतोयस. का?”

“हितली बाई ऐकतच न्हाय, आये. रोज विचारती, प्रश्न न्हाय का. मी रोज सांगतो, हाय. आन् ती पुस्तक मिटून जाती. तुझ्या मास्तरावानी.”

आक्काताईंनी पदर सारखा केला. मग एकदम दुसरंच विचारायला लागल्या.

“थंडी हाय का तिकडं?”

“लई.”

“मग स्वेटर न्हाय का?”

“हाय!”

“खोटं बोलू नगंस. आवाज बसलाय तुझा. स्वेटर न्हाय का?”

“हाय म्हंतोय न्हवं! हाय, हाय!”

“आन् पोटाला? काय न्हाय का?”

“हाय गं आये!”

आक्काताई माझ्याकडे आणि सयाजीरावांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग फोनकडे तोंड करून म्हणाल्या, “ये म्हणू का ऱ्हा म्हणू, मला कळंना. आठ दिस दम खा. मग तुला वाटंल तसं कर. आलास तरी दार उघडंच हाय.”

आमच्या बाजूने गोष्ट इथे थांबली. सयाजीराव म्हणाले, “गेलं पोरगं हातचं.” आक्काताई उचगावच्या बसला गेल्या.

पुढचं तिकडे झालं. मोरी आजींचा फोन बोळकांडीत होता आणि आजी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. आक्काताईंचा आवाज फोनातून बाहेर सांडत होता. त्यातलं एक वाक्य आजींना स्वच्छ जपानीत ऐकू आलं. स्वेटरला जपानीत ‘सेता’ म्हणतात. सेता नाय का? आणि पोरगं आईला ओरडून सांगतंय, “हाय!” एकदा नव्हे, दोन-तीनदा.

भूषणने फोन ठेवून मागे पाहिलं तर आजी नव्हत्या. माडीवर कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या खाली आल्या, त्यांच्या हातात नवऱ्याचा जुना, जाड, राखी रंगाचा स्वेटर होता. त्यांनी तो भूषणच्या मांडीवर ठेवला आणि वाकून माफी मागितली.

भूषण गोंधळला. “आरिमास, आरिमास,” तो म्हणाला. म्हणजे आहे, माझ्याकडे आहे.

आजींनी मान हलवली. तू तर आईला सांगितलंस, नाही म्हणून.

“मी? मी तर हाय म्हणालो!”

तेच की, असं आजींचं म्हणणं. दोघेही आपापल्या जागी ठाम. शेवटी आजी त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. टेबल रिकामं होतं. त्यावर बोट ठेवून आजींनी विचारलं, “मिकान नाय?” मिकान म्हणजे संत्रं. आणि स्वतःच उत्तर दिलं, “हाय. नाय.” बरोबर, नाही. मग टोपलीतून एक संत्रं काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा विचारलं, “मिकान नाय?”

भूषण संत्र्याकडे बघून पटकन म्हणाला, “हाय!”

आजी तोंडावर हात ठेवून हसत खुर्चीत बसल्या. मग त्यांनी बोट हलवत सांगितलं, “इइए. आरु.” चूक, आहे.

त्यांच्या भाषेत ‘हाय’ म्हणजे आहे नव्हे. ‘हाय’ म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. नाही ना, असं विचारलं आणि तुम्ही ‘हाय’ म्हणालात, की झालं, नाहीच.

भूषण सांगतो, त्या क्षणी त्याला भट्टीचं दार तोंडासमोर उघडल्यासारखं झालं. रोज उचलून नेलेली भाताची वाटी. आणखी नको ना? हाय, नको. किमुरा बाईंचा फळा. प्रश्न नाहीत ना? हाय, नाहीत! तेही पुढच्या बाकावरची पोरं दचकतील अशा आवाजात. आणि व्हरांड्यातलं ते हसू. अडचण नाही ना? हाय, काही नाही.

“बाई ऐकत न्हवत्या असं न्हाय, साहेब. मी जे सांगत होतो ते अगदी तंतोतंत ऐकत होत्या. मीच सांगत होतो, न्हाईत म्हणून.”

त्या संध्याकाळी आजींनी विचारलं, “मो इरानाय?” भूषण म्हणाला, “इइए!” आजींनी वाटी भरली. पुन्हा विचारलं, पुन्हा भरली. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा आजींच्या लक्षात आलं, की ऑक्टोबरपासून हा मुलगा आपल्या घरात अर्धपोटी होता. त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा भात टाकला.

सोमवारी तास संपताना किमुरा बाई फळ्याकडे वळल्या. “शित्सुमोन वा नाय देस का?”

“इइए,” शेवटच्या बाकावरून आवाज आला. “आरिमास.” चूक, आहेत.

डस्टर फळ्यावरच थांबला. बाई वळल्या. भूषण उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. आमच्या गावाकडे ‘हाय’ म्हणजे काय, मी रोज काय म्हणत होतो, तुम्हाला रोज काय ऐकू येत होतं. ब्राझीलचे दोघे आधी हसले. किमुरा बाई हसल्या नाहीत. त्यांनी डस्टर खाली ठेवला, टेबलाच्या पुढे आल्या आणि भूषणसमोर कमरेतून वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग खडू उचलला आणि म्हणाल्या, पहिल्यापासून विचार.

पुढचं थोडक्यात सांगतो. भूषण मार्चअखेर कोर्स पुरा करून आला, तो राखी स्वेटर घालूनच. कोल्हापुरात तेव्हा कडक ऊन होतं. आकाराम त्याला दारातच म्हणाला, “काय पावणं, ताप आलाय व्हय?” एप्रिलमध्ये पाहुणे आले तेव्हा पुण्याहून कुणी आलं नाही. त्यानंतर भूषण दोनदा जपानला जाऊन आला, मोरी आजी वारल्या त्या वर्षीही गेला होता. आता मशीनचं सगळं बोलणं तोच करतो. रविवारी सकाळी उचगावच्या विहारात पोरांना जपानी शिकवतो. त्याचं लग्न झालं आहे, त्याची मुलगी संघप्रिया घरात बापावर ओरडते आणि तो ऐकून घेतो. एकंदर सुखात आहे.

पण मला आठवतो तो त्या सोमवारनंतरचा शनिवार. आक्काताई पुन्हा आमच्या ऑफिसात आल्या. आठ दिवस झाले होते आणि आता काय ते कळणार होतं. भूषणने फोनवर सगळं सांगितलं. संत्र्याचं ऐकून सयाजीराव खुर्चीत मागे रेलून हसले. आक्काताई हसल्या नाहीत. त्या फोनकडे बघत होत्या.

“मग बाई काय म्हणाली?”

“वाकली, आये. पार कमरेतनं. सगळ्या वर्गाम्होरं.”

आक्काताईंनी कान फोनला लावला. फोन तुटला असं वाटून सयाजीरावांनी हात पुढे केला. आक्काताईंनी तो बाजूला सारला.

“तुला वाकली?”

“व्हय.”

“आन् तू काय केलंस?”

“मी बी वाकलो. तितकं जमत न्हाय, पर वाकलो.”

“बरं केलंस. आन् प्रश्नाचं उत्तर? दिलं का?”

“दिलं. वर्ग सुटल्यावर बी थांबत्यात बाई. अजून लई हाय विचारायचं.”

“मग येऊ नगंस,” आक्काताई म्हणाल्या. “समदं विचारून झाल्याबिगार हिकडं येऊ नगंस.”

मग त्या फोन बंद करायचं बटण शोधायला लागल्या. त्यांना ते सापडेना, तेव्हा सयाजीरावांनी दाखवलं.